‘नोंदणी नंतर सावकाश करू’ म्हणणारं इंग्लंडचं स्थळ

पत्र : माझी मुलगी २६ वर्षांची, बी.फार्म. झालेली. तिला बर्मिंगहॅमचं स्थळ आलं आहे. मुलगा तिथेच जन्मला, ब्रिटिश पासपोर्टवाला, घराणं मूळचं श्रीवर्धनचं. त्यांचं म्हणणं असं : मुलीला टुरिस्ट व्हिसावर पाठवा, इथल्या मशिदीत निकाह लावू, सरकारी नोंदणी नंतर सावकाश करू. ते जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवर निकाह पढवून घेऊ. मुलाचं आधी एक लग्न झालं होतं, ‘तलाक होऊन गेलाय’ एवढंच सांगितलं आहे. माझे मिस्टर म्हणतात, निकाह तो निकाह, कुठे झाला याने काय फरक पडतो? मला मात्र धाकधूक वाटते. नेमकं काय विचारायचं तेही सुचत नाही. – एक आई, म्हसळा

उत्तर :

ताई, सलाम.

दीनाच्या बाजूने तुमच्या मिस्टरांचं बरोबर आहे. वली (मुलीचा पालक), ईजाब-कबूल (मागणी आणि होकार), दोन साक्षीदार, मेहेर, एवढं झालं की निकाह झाला. फरक पडतो तो इंग्लंडच्या कायद्यात, आणि तोही तुम्हाला वाटेल त्याच्या नेमका उलट. म्हसळ्यात झालेला निकाह इंग्लंडचं कोर्ट लग्न म्हणून मानतं. बर्मिंगहॅमच्या मशिदीत झालेला निकाह, सोबत सरकारी सोपस्कार नसतील तर, मानत नाही.

कारण साधं आहे. परदेशात लागलेलं लग्न इंग्लंडचा कायदा त्या देशाच्या नियमाने तपासतो. भारतात मुसलमानांच्या लग्नाला १९३७चा शरीयत कायदा लागू आहे. त्यामुळे इथला रीतसर निकाह हे पूर्ण कायदेशीर लग्न आहे, नोंदणी हा फक्त त्याचा पुरावा. इंग्लंडमध्येच लागलेल्या लग्नाला मात्र तिथला १९४९चा विवाह कायदा लागतो. त्यानुसार आधी रजिस्ट्रार ऑफिसला नोटीस हवी, लग्न लावायला मंजूर असलेली जागा हवी आणि नोंद करणारी अधिकृत व्यक्ती हवी. तिथल्या बऱ्याच मशिदींनी ही मंजुरी घेतलेलीच नाही. इमामसाहेब कितीही मोठे आलिम असोत, त्यांच्या सहीने तिथे सरकारी लग्न होत नाही. (मुलगा ग्लासगोचा असता तर गोष्ट थोडी वेगळी असती. स्कॉटलंडमध्ये जागेपेक्षा लग्न लावणाऱ्याचा अधिकार पाहतात, पण सरकारी कागद आधी काढावा लागतो तो तिथेही.)

‘नंतर सावकाश’ या शब्दांचं काय होतं, ते अख्तर विरुद्ध खान या खटल्यात सगळ्यांनी पाहिलं. १९९८ साली लंडनच्या एका रेस्टॉरंटमध्ये इमामांनी निकाह लावला. सरकारी लग्न मागाहून करायचं ठरलं होतं. बायको आठवण करून देत राहिली, नवऱ्याने ते केलं नाही. चार मुलं झाली. २०१६ मध्ये तिने घटस्फोटाचा अर्ज केला तेव्हा नवऱ्याचं उत्तर होतं की कायद्याने लग्न झालेलंच नाही. २०१८ मध्ये हायकोर्टाने ते रद्द ठरवण्याजोगं का होईना, पण लग्न धरून तिला अंशतः आधार दिला. पण फेब्रुवारी २०२० मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की तो समारंभ लग्नाच्या व्याख्येत बसतच नाही, म्हणून तो रद्द करण्याचाही प्रश्न येत नाही.

लग्न नसलं तर काय जातं? घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असेल तर पत्नी म्हणून त्यात वाटा मागता येत नाही. पोटगी नाही, पेन्शनमध्ये हिस्सा नाही. नवरा मृत्युपत्राशिवाय गेला तर वारसाहक्काचा आपोआप मिळणारा भागही नाही. मुलांचा खर्च बापाला द्यावाच लागतो, पण तो मुलांचा हक्क, आईचा नव्हे. शरिया कौन्सिल (तिथलं मुसलमानांचं धार्मिक पंचमंडळ) खुला, म्हणजे बायकोने मागितलेली सोडचिठ्ठी, देईल, पण घर आणि पैसा यांबद्दल तिचा शब्द कायद्याने कुणावरही बंधनकारक नसतो. ब्रिटिश सरकारने शरिया कौन्सिलांचा स्वतंत्र आढावा घेतला, त्याच्या २०१८च्या अहवालातली मुख्य शिफारस हीच होती की निकाहच्या आधी किंवा निकाहबरोबरच सरकारी लग्न झालं पाहिजे. २०२२ मध्ये तिथल्या लॉ कमिशनने सगळा विवाह कायदाच नव्याने बांधायला सुचवलं. त्यावर विसंबून तुम्ही तारीख धरू नका.

टुरिस्ट व्हिसा नकोच

साध्या व्हिजिटर व्हिसावर इंग्लंडमध्ये लग्न करणंच नियमाविरुद्ध आहे. त्यासाठी ‘मॅरेज व्हिजिटर’ असा वेगळा व्हिसा असतो, आणि तो लग्न करून सहा महिन्यांत परत जाणाऱ्यांसाठी आहे. दोन्हींपैकी कुठल्याही व्हिसावरून तिथे बसून पत्नीचा व्हिसा करून घेता येत नाही. म्हणजे मुलगी मशिदीत निकाह करून राहिली तर काही महिन्यांनी ती कायद्याने बायकोही नसेल आणि तिचा व्हिसाही संपलेला असेल. विमानतळावर अधिकाऱ्याने बॅग उघडली आणि त्यात लग्नाचा जोडा आणि दागिने निघाले, तर तिथूनच परत पाठवतील आणि तो नकार पुढच्या प्रत्येक अर्जात लिहावा लागेल.

व्हिडिओ कॉलचा निकाहही टाळा. मुलगा बर्मिंगहॅममध्ये बसून कबूल म्हणाला तर लग्न लागलं कुठे, भारतात की इंग्लंडमध्ये, हा वाद उभा राहतो. ज्या मुद्द्यावर सगळं अवलंबून आहे तोच आपण हाताने अंधारात का ढकलायचा? शिवाय पत्नीच्या व्हिसासाठी दोघं प्रत्यक्ष भेटलेले असणं ही अट आहे. पडद्यावरची भेट त्यात धरत नाहीत.

आधी त्या तलाकचा कागद

तुमच्या पत्रात ही ओळ शेवटी आली आहे, पण काम सुरू इथूनच करा. पहिलं लग्न कुठे आणि कसं झालं होतं, यावर तलाकचा कोणता कागद चालेल ते ठरतं.

पहिलं लग्न इंग्लंडमध्ये सरकारी पद्धतीने झालं असेल, तर ते मोडायला तिथल्या कोर्टाचाच आदेश लागतो. ६ एप्रिल २०२२ पासून दाखल झालेल्या अर्जांत शेवटच्या कागदाला ‘फायनल ऑर्डर’ म्हणतात, त्याआधीच्यांत ‘डिक्री अब्सोल्यूट’. ‘कंडिशनल ऑर्डर’ किंवा ‘डिक्री नायसाय’ दाखवत असतील तर तो अर्ध्या वाटेवरचा कागद आहे, लग्न अजून मोडलेलं नाही. इंग्लंडमध्ये दिलेल्या तोंडी तलाकने किंवा शरिया कौन्सिलच्या पत्राने तिथलं सरकारी लग्न मोडत नाही. असा मुलगा इथे येऊन तुमच्या मुलीशी निकाह करेल तेव्हा आपल्याकडे तो दुसरा निकाह म्हणून चालेल. इंग्लंड मात्र त्याला विवाहित माणसाचं लग्न म्हणून शून्य ठरवेल, कारण त्याचं कायम घर तिथे आहे.

पहिला निकाह भारतात झाला असेल तर तोही इंग्लंडला मान्य असतो, म्हणून तो कसा मोडला ते विचाराच. इंग्लंडला राहणाऱ्या मुलाने सुट्टीत येऊन, कुठल्याही अधिकृत प्रक्रियेशिवाय तोंडी तलाक दिला असेल, तर तो इंग्लंडमध्ये चालत नाही. आधीचं वर्षभर नवरा-बायकोतलं कुणीही ब्रिटनमध्ये राहत असेल तर असा तलाक मानायचा नाही, अशी तिथल्या १९८६च्या कायद्याची अट आहे. एका दमात दिलेला तिहेरी तलाक तर आपल्याकडेच २०१९च्या कायद्याने रद्दबातल आणि गुन्हा आहे.

तिसरी शक्यता अशी की पहिला निकाहसुद्धा फक्त मशिदीतला होता. मग सरकार दरबारी तो अविवाहितच दिसेल, कुठल्याही रजिस्टरात शोधलंत तरी काही सापडणार नाही. तेव्हा मशिदीचा किंवा कौन्सिलचा तलाक अथवा खुल्याचा कागद मागा, त्यावरची तारीख पाहा, आणि पहिल्या बायकोची नोंदणी का केली नव्हती हे सरळ विचारा. हा प्रश्न तुमच्या मिस्टरांनी मुलाच्या वडिलांना विचारलेला बरा. श्रीवर्धनच्या जमातीतही चौकशी करा. कोकणात एवढं अंतर म्हणजे काहीच नाही, नात्यातलं कुणी ना कुणी निघेलच.

कागद व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आला तर त्यावरचा केस नंबर आणि कोर्टाचं नाव टिपून ठेवा. त्या कोर्टाकडून शिक्क्याची प्रत मुलगा स्वतः मागवू शकतो. द्यायची इच्छा असेल तर ते अवघड काम नाही.

निकाह म्हसळ्यात, दोघं समोरासमोर

कागद ठीक निघाले तर माझं मत स्पष्ट आहे : निकाह इथेच करा. वलीमा त्यांनी बर्मिंगहॅममध्ये खुशाल थाटात करावा.

मुलगा शुक्रवारी उतरून मंगळवारी परत, असं करू नका. निदान दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा, कारण नोंदणीला त्याची गरज आहे. महाराष्ट्रात १९९८च्या विवाह नोंदणी कायद्याप्रमाणे निकाहनंतर ९० दिवसांच्या आत अर्ज द्यायचा असतो. त्यावर नवरा, नवरी, तीन साक्षीदार आणि निकाह पढवणारे काझी यांच्या सह्या लागतात. गावात असाल तर ग्रामपंचायतीत, शहरात असाल तर नगरपंचायतीत किंवा नगरपरिषदेत. महिनाभर आधी जाऊन विचारून या : ब्रिटिश नागरिक असलेल्या वराकडून काय काय लागेल? काही ठिकाणी तो अविवाहित किंवा घटस्फोटित असल्याचा दाखला मागतात. तो इंग्लंडहूनच आणावा लागेल, मग लग्नाच्या आदल्या दिवशी धावपळ नको. काझीसाहेबांची सही निकाहच्या दिवशीच घेऊन टाका.

सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर सारखं ठेवा. निकाहनाम्यावर एक, आधारवर दुसरं, हे नेहमीचं दुखणं आहे. मुलीचा पासपोर्ट नवऱ्याच्या नावाने करून घेण्याची घाईही नको, व्हिसाला त्याची गरज नसते. निकाहनामा उर्दूत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, त्यावर भाषांतर अचूक असल्याचा दाखला आणि भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क हवा.

मेहेर गोल शब्दांत लिहू नका. ‘पाच तोळे सोनं’ याऐवजी किती ग्रॅम, किती कॅरेट. पैसे असतील तर रुपये की पाउंड. किती लगेच आणि किती मागाहून, हे साध्या मराठीत किंवा इंग्रजीत लिहा. अरबीत त्या दोन्ही प्रकारांची नावं एका अक्षराच्या फरकाची आहेत आणि देवनागरीत दोन्ही ‘मुअज्जल’ अशीच उमटतात. इंग्लंडच्या कोर्टांनी मेहेर हा करार म्हणून वसूल करून दिल्याची उदाहरणं १९६५ पासून आहेत, पण आकडाच नीट नसेल तर कोर्ट तरी काय वसूल करणार? तलाकचा अधिकार बायकोकडे सोपवण्याची अट घालायची असेल तर ती निकाहनाम्यात लिहिता येते. आपण शाफई (हनफींहून वेगळ्या शरीयत-परंपरेचे) असल्यामुळे तिची शब्दरचना काझीसाहेबांकडूनच घ्या, हनफी नमुना जसाच्या तसा उतरवू नका. मुलाकडचे म्हणाले की एवढं लिहायचं म्हणजे अविश्वास, तर सूरह बकराच्या २८२व्या आयतीकडे बोट दाखवा. देणंघेणं साक्षीदारांसमोर लिहून ठेवा, असं तिथे सविस्तर सांगितलं आहे.

मग पत्नीचा व्हिसा

अर्ज भारतातून, ऑनलाइन, आणि बोटांचे ठसे व्हिसा केंद्रावर. व्हिसा ३३ महिन्यांचा मिळतो आणि पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते. खर्चात अर्जाच्या फीशिवाय आरोग्य अधिभार असतो : फेब्रुवारी २०२४ पासून वर्षाला १,०३५ पाउंड, ३३ महिन्यांसाठी तीन वर्षांचे म्हणजे ३,१०५ पाउंड एकदम. हा खर्च कोण करणार ते आताच ठरवा. फी आणि अटी बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या आठवड्यात ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर पुन्हा पाहा.

अर्ज सगळ्यात जास्त अडतो उत्पन्नावर. ११ एप्रिल २०२४ पासून मुलाचं वार्षिक उत्पन्न २९,००० पाउंड लागतं. तुमची मुलगी इथे कितीही कमावत असली तरी पहिल्या अर्जात तिचा पगार धरत नाहीत. मुलगा एकाच मालकाकडे सहा महिने या पगारावर असेल तर सहा महिन्यांच्या पगारपावत्या, तो पगार जमा झालेली बँक स्टेटमेंटं आणि मालकाचं पत्र, एवढ्यावर काम होतं. पावतीवरचा आकडा आणि बँकेत आलेला आकडा जुळलाच पाहिजे. घरच्या दुकानात काम आणि पगार रोख, असं असेल तर तो पगार कागदावर सिद्ध होत नाही. स्टेटमेंट अर्जाच्या तारखेआधी २८ दिवसांपेक्षा जुनं असलं तरी अडतं. उत्पन्न कमी पडलं तर सहा महिने खात्यात पडून असलेली ८८,५०० पाउंडांची बचत चालते, पण इतकी रक्कम क्वचितच कुणाकडे असते. तेव्हा तारीख धरण्याआधी मुलाला विचारा : ‘बेटा, सहा महिन्यांच्या स्लिपा तयार आहेत का?’

इंग्रजी ए-१, म्हणजे अगदी प्राथमिक पातळीचं लागतं. ‘आयईएलटीएस लाइफ स्किल्स’ ही छोटी बोलण्या-ऐकण्याची परीक्षा पुरते. साधी आयईएलटीएस दिली तर पैसे वाया, ती ‘यूकेव्हीआय’ म्हणजे ब्रिटिश व्हिसा विभागासाठीचीच हवी. बी.फार्म. इंग्रजी माध्यमातून झाल्यामुळे तिला परीक्षेतून सूट मिळू शकते, मात्र त्यासाठी ‘एक्टिस’ या परदेशी पदव्या तपासणाऱ्या ब्रिटिश संस्थेकडून पदवीचा दाखला घ्यावा लागतो. क्षयरोगाची तपासणी ब्रिटिश सरकारने मान्य केलेल्या केंद्रातच करा, दुसऱ्या कुठल्या डॉक्टरचा एक्स-रे चालत नाही. दाखला सहा महिने चालतो, म्हणून फार आधी करून ठेवू नका.

सासू-सासऱ्यांच्या घरात राहायचं असेल तर घरमालकाचं पत्र आणि खोल्यांचा हिशोब लागतो. बैठकीची खोलीही धरतात : तीन खोल्यांत पाच माणसं, चार खोल्यांत साडेसात, पाच खोल्यांत दहा. दहा वर्षांखालचं मूल अर्धं मोजतात, वर्षाखालचं मोजत नाहीत. दोन दीर, जावा आणि त्यांची मुलं एकाच घरात असतील तर हे गणित आधी करा.

इंग्लंडमध्येच करायचं असा हट्ट धरला तर

वाट आहे, फक्त महाग आणि लांब. मुलीला ‘फियान्से’ म्हणजे नियोजित वधूचा व्हिसा घ्यायचा. तो सहा महिन्यांचा असतो, त्यात नोकरी करता येत नाही, आणि लग्नानंतर तिथूनच पुन्हा पत्नीच्या व्हिसाचा अर्ज आणि पुन्हा फी. ती ब्रिटिश नागरिक नसल्यामुळे दोघांनी मिळून ठरावीक रजिस्ट्रार ऑफिसात नोटीस द्यायची. त्याआधी दोघांनीही आपापल्या हद्दीत सात दिवस राहिलेलं असावं लागतं. नोटिशीनंतर २८ दिवस थांबायचं, प्रकरण गृहखात्याकडे तपासाला गेलं तर ७० दिवसांपर्यंत. क्रम असा ठेवा : आधी रजिस्ट्रार ऑफिस, मग त्याच दिवशी मशीद. ‘आमची मशीद रजिस्टर्ड आहे’ असं म्हणाले तर नुसती प्रार्थनास्थळ म्हणून नोंद आहे की लग्न लावण्यासाठी आहे, हे विचारा. दोन वेगळ्या नोंदी आहेत, आणि पहिलीवर लग्न लागत नाही.

ती गेल्यावर

तिचा व्हिसा आता इलेक्ट्रॉनिक नोंदीत, म्हणजे ‘यूकेव्हीआय’ खात्यात असतो. त्या खात्याला ईमेल आणि फोन नंबर तिचाच द्या, नवऱ्याचा किंवा एजंटचा नको. पासवर्ड तिच्याकडे, पासपोर्टही तिच्याकडे. नोंदणीचा दाखला आणि निकाहनाम्याची एक मूळ प्रत तुमच्याकडे म्हसळ्यात राहू द्या.

घरात मारहाण किंवा छळ झाला तर पत्नीच्या व्हिसावर आलेल्या बाईला नवऱ्याशिवाय तिथे राहण्याचा स्वतंत्र मार्ग आहे. तो अर्ज होईपर्यंत तीन महिन्यांची तात्पुरती परवानगी आणि सरकारी मदतही मिळू शकते. सुट्टीला म्हणून माहेरी आणून कागद काढून घेऊन सोडून दिलेल्या बायकांनाही जानेवारी २०२४ पासून भारतातूनच या मार्गाने अर्ज करता येतो. हे सगळं ती पत्नीच्या व्हिसावर गेली असेल तर. टुरिस्ट व्हिसा आणि मशिदीतला निकाह यावर यातलं काहीही मिळत नाही.

३३ महिन्यांची मुदत संपण्याच्या आत मुदतवाढीचा अर्ज करावा लागतो. तेव्हा नवऱ्याच्या उत्पन्नाचे कागद पुन्हा लागतात आणि इंग्रजी ए-२ पातळीचं दाखवावं लागतं. व्हिसा हातात येईल त्याच दिवशी ही तारीख मुलीच्या आणि तुमच्याही फोनमध्ये घालून ठेवा, सहा महिने आधीच्या आठवणीसकट.